पुठ्ठ्याची गाय

"मावशी, हिच्या तोंडात पिशवी कशी चिकटवू, फेविकॉलने राहतच नाहीये."

दुपारी भाची न् तिच्या दोन मैत्रिणी कंटाळलेल्या, म्हणून पार्सलचे खोके, अंड्यांचा ट्रे, झाकणं असं सगळं पुढ्यात ओतलं न् म्हटलं करा प्राणी. ट्रेचं कासव झालं, फॉइलच्या नळीची सोंड लावलेला हत्ती झाला (सारखा तोंडावर पडत होता बिचारा). भाचीची गाय मात्र कपड्यांच्या चार चिमट्यांवर मस्त उभी राहिली. आणि मग तिला हवी होती पिशवी. दुधाचीच.

म्हटलं अगं कोथिंबिरीच्या काड्या देते, गवत म्हणून लाव. तर म्हणे, "आपल्या कोपऱ्यावरची कुठे गवत खाते?"

२०१८ पासून कॅरीबॅगवर बंदी आहे म्हणे आपल्याकडे, पण कोपऱ्यावरचा ढीग आहे तिथेच आहे. गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात हे प्लास्टिक साचत जातं न् तिथेच अडकून बसतं, हे सात वर्षांच्या पोरीला सांगावं की नको कळेना. शेवटी गप सेलोटेप आणून दिली.

आता गाय फ्रीजवर उभी आहे, तोंडात पिशवी धरून. काढून टाकू का हो?