म्युनिकची गव्हाची बिअर: आधी वास, मग घोट

म्युनिकला आलात आणि एकच बिअर प्यायची असेल तर मी डोळे झाकून वाइसबिअर (म्हणजे गव्हाची बिअर) सांगेन, आणि त्यातही श्नायडर या ब्रूअरीची ओरिजिनल. मारीएनप्लाट्झ या मुख्य चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर टाल नावाच्या रस्त्याला त्यांचं ब्रॉयहाउस (बिअर आणि जेवणाचं ठिकाण) आहे, तिथे सकाळीच जा, कारण वाइसवुर्स्ट (पांढरट, गरम पाण्यात ठेवलेली सॉसेजं) दुपारी बाराच्या आत खायची इथली जुनी रीत आहे आणि त्याच्यासोबत गोड मोहरी, ब्रेझेल (पीळ घातलेला खारट पाव) आणि ही बिअर हवीच. सकाळी बिअर म्हटल्यावर आपल्याकडे भुवया उंचावतात, इथे मात्र शेजारच्या टेबलावर सत्तरीतल्या आज्या निवांत गप्पा मारत पीत असतात.

बाटली आली तर ती कशी ओततात ते नक्की बघा. उंच ग्लास आधी थंड पाण्याने विसळायचा, तिरका धरायचा, बिअर अगदी हळू सोडायची, शेवटी बाटलीत थोडी राहिली की बाटली गोल हलवून तळाला बसलेलं यीस्ट सगळं ग्लासात घ्यायचं. ते टाकून देऊ नका, चवीचा मोठा भाग तिथेच आहे. श्नायडरचा रंग पिवळा नसतो, गढूळ तांबूस असतो आणि वर जाड फेस. लिंबाची फोड अजिबात घालू नका, फेस बसतो आणि वास मारला जातो.

आणि वास हीच तर या बिअरची खरी गंमत! पिकलेलं केळं आणि लवंग. यात ना केळं घातलेलं असतं ना लवंग, निम्म्याहून जास्त गव्हाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), बाकी बार्लीचं, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), पाणी आणि यीस्ट, बस्स. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या रसायनाचा, लवंगेचा ४-व्हिनाइल ग्वायकॉलचा, आणि दोन्ही हे यीस्टच तयार करतं. माल्ट पाण्यात भिजवताना तापमान साधारण ४५ अंशांवर थोडा वेळ थांबवलं की लवंग वाढते, म्हणजे ब्रूअरच्या हातात बरंच काही असतं.

म्हणूनच दोन वाइसबिअर शेजारी ठेवून प्या. म्युनिकजवळच्या फ्रायजिंग गावातल्या वाइहेनश्टेफान ब्रूअरीची मऊ, केळ्याकडे झुकलेली, पहिल्या घोटात आवडते. श्नायडरमध्ये लवंग पुढे, मागून भाजलेल्या पावासारखी चव, गॅस जिभेला चांगलाच टोचतो आणि कडवटपणा जवळपास नाही, तरी शेवट कोरडा होतो त्यामुळे दुसरा घोट घ्यावासा वाटतो. माझं मत श्नायडरला. दोन्ही ५.४ टक्के.

ही बिअर टिकली हेच मला फार मोलाचं वाटतं. १५१६ च्या बव्हेरियाच्या नियमात बिअरला फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी, गव्हाला जागाच नव्हती, अपवाद म्हणून गव्हाच्या बिअरचा हक्क डेगेनबर्ग या सरदार घराण्याकडे होता आणि १६०२ मध्ये ते घराणं संपल्यावर तो बव्हेरियाचा शासक मॅक्सिमिलियन पहिला याच्याकडे गेला, त्यातून त्याच्या तिजोरीत भरपूर पैसा आला. पुढे लोकांची आवड बदलली, खप पडला, आणि १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडरने राजघराण्याकडून ती बनवायचा हक्क मिळवला. आता ती केल्हाइममध्ये बनते, दुसऱ्या महायुद्धात म्युनिकची ब्रूअरी उद्ध्वस्त झाली म्हणून.

त्यांचीच आव्हेन्टिनुस पण प्या, पण ८.२ टक्के आहे, तेव्हा जेवण झाल्यावर आणि सावकाश.