बाबांची फिएट आणि दोन गॅरेजं

बाबांची १९७० ची फिएट ११००, जीडीने सुरू होणारा गोव्याचा जुना नंबर, आमच्या डिचोलीच्या घराच्या पडवीला बारा वर्षं उभी होती. बाहेरून बघितलं तर नुसता रंग उडालाय असंच वाटायचं. पहिल्या गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर थाप मारली, "सगळं मिळून दीड लाख, चतुर्थीला गाडी दारात" म्हणाला आणि अर्धे पैसे ॲडव्हान्स मागितले, मी दिले पण. आठ महिने गाडी ताडपत्रीखाली. जाऊन विचारलं की एकच उत्तर, पार्ट मुंबईहून यायचाय. शेवटी टो करून परत आणली तर दाराची ती छोटी तिकोनी काच गायब, बाबा गाडी चालवताना ती तिरकी करून वारा घ्यायचे. पैशांपेक्षा त्या काचेचं जास्त वाईट वाटलं, घरी येऊन रडले मी.

दुसरं गॅरेज फोंड्याकडचं. तिथल्या मेस्त्रींनी आधी खिशातून लोहचुंबक काढलं, मडगार्डला लावलं तर घट्ट चिकटलं, दाराच्या खालच्या कडेला लावलं तर घसरून पडलं. "ताई, इथे पत्रा नाहीच, पुट्टी आहे." मग मॅट उचलून फ्लोअरला स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार, भोकातून खालची लाल माती दिसली. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि वर खारी हवा, पत्रा आतून कुजतो आणि वरून पुट्टी मारून रंग दिला की वर्षभर कळतसुद्धा नाही.

आकडा त्यांनी सांगितलाच नाही. म्हणाले जुना रंग खरवडून पत्रा उघडा होऊ दे, त्याचे १५ हजार द्या, मग बसून बोलू. माझा विश्वास बसला तो इथे.

आता पैसे टप्प्याटप्प्याने. फ्लोअर कापून नवीन पत्रा वेल्ड झाला, मी जाऊन हात लावून बघितला, फोटो काढले, मगच पुढचे दिले, आणि पुट्टी मारायच्या आधी मला बोलवायचं हे वहीत लिहून दोघांनी सह्या केल्या. काढलेला प्रत्येक पार्ट परत द्यायचा हेही त्यातच. चॅसी, बॉडी, इंजिन मूळचंच ठेवायला सांगितलंय कारण २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, पण त्यात मोठे बदल केलेले चालत नाहीत.

रंग दिवाळीनंतर. पावसाळी दमट हवेत मारला तर वर पांढरट धुरकटपणा येतो म्हणून मेस्त्रीच नको म्हणाले, मी घाई केली तरी ऐकलं नाही, तोपर्यंत उघड्या पत्र्यावर प्रायमर मारून ठेवलाय.

काच जुन्या बाजारात मिळाली, रबर नवीन. परवा बाबांना घेऊन गेले होते. सीट नाहीत, बाबा एका पत्र्याच्या डब्यावर बसले, स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने ती काच तिरकी केली.