आजीच्या हातावरची तुळस

२० ऑक्टोबर

चौदा तारखेला रक्तदान केलं तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं, की यंदा गोंदून घ्यायचंच. गोंदल्यावर वर्षभर रक्त घेत नाहीत. बाबा गेल्यापासून १४ ऑक्टोबरला रक्त द्यायचा माझा नेम आहे, पुढच्या वर्षी तो चुकणार. त्याचं वाईट वाटतंय, पण यंदाचं तरी देऊन झालं.

तीन वर्षं हा विचार डोक्यात आहे. फोनमध्ये चाळीसेक चित्रं साठवलीत. कमळ म्हणजे चिखलातून वर येणं, पीस म्हणजे स्वातंत्र्य, बाण म्हणजे पुढे जाणं. प्रत्येक चित्राखाली अर्थ तयार लिहिलेला. वाचताना छान वाटतं. पण उद्या कुणी विचारलं, "हे का काढलं गं?" तर मी ते खालचं वाक्यच म्हणून दाखवणार, माझं असं काही सांगता येणार नाही.

मागच्या हिवाळ्यात एका दुकानात जाऊन आले होते. तिथल्या माणसाने न विचारता अल्बम उघडला, "मॅडम, सध्या हेच चालून राहिलं आहे," म्हणाला आणि डोळे मिटलेला बुद्धाचा चेहरा दाखवला, अख्खा दंड भरेल एवढा. चित्र सुरेखच होतं. पण मी भांडी घासणार, गर्दीच्या बसमध्ये लोंबकळणार, आणि तो चेहरा हातावर? मन धजेना. २०१४ साली श्रीलंकेने एका ब्रिटिश पर्यटक बाईला दंडावरच्या अशाच चित्रामुळे परत पाठवलं होतं. कायदा काय म्हणतो ते राहू दे, मला स्वतःलाच ते जड गेलं असतं.

शिवाय सांचीच्या जुन्या शिल्पांमध्ये बुद्ध माणसाच्या रूपात नाहीच. तिथे रिकामं आसन आहे, पावलं आहेत, चक्र आहे, पिंपळ आहे. लोक हात जोडून उभे आहेत आणि समोर फक्त झाड. सांचीच्याच घाटणीचा दीक्षाभूमीचा स्तूप मी लहानपणापासून बघतेय, पण ही गोष्ट कळायला वयाची पस्तिशी उजाडली. चेहऱ्याच्या कितीतरी आधी पान होतं.

२३ ऑक्टोबर

आज धरमपेठेतल्या दुसऱ्या मुलाकडे गेले. हा बरा वाटला. आधी ऐकून घेतो. सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडणार, शाई दर गिऱ्हाइकाला नव्या टोपणात ओतणार, हे त्याने न विचारता सांगितलं. ब आणि क प्रकारची कावीळ, एचआयव्ही सुईवाटेही पसरतात, म्हणून मला तेच आधी ऐकायचं होतं. उन्हाळ्यात आल्या असत्या तर परत पाठवलं असतं म्हणाला. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन ताज्या गोंदणाला सोसत नाही.

मी चक्र घेऊन गेले होते, मनगटावर रुपयाएवढं. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, आरे किती?"

मी चोवीस म्हटलं. झेंड्यावरचं अशोकचक्र सारनाथच्या सिंहस्तंभावरून आलेलं, त्याला चोवीस आरे. तो म्हणाला, "एवढ्या जागेत चोवीस बसवून देतो, पण शाई कातडीत थोडी पसरतेच. दहा वर्षांनी त्याचा काळा ठिपका होऊन जाईन." मग आठ? धम्मचक्राचे आठ आरे म्हणजे अष्टांगिक मार्ग: सम्यक दृष्टी, सम्यक संकल्प, वाचा, कर्मान्त, आजीविका, व्यायाम, स्मृती, समाधी. बसमध्ये बोटांवर मोजत घरी आले. आठ नीट बसतात. पण मग वाटलं, यातला एक तरी आरा माझ्या हातून धड फिरला आहे का? चक्र मिरवायची माझी तयारी नाही. हे मी मनापासून लिहितेय.

शब्द गोंदवायचा विचार केव्हाच सोडला होता. मामेभावाच्या पाठीवर "अत्त दीप भव" आहे, खाली पणती. त्याला ते शोभतंही. पण बुद्धाच्या अखेरच्या दिवसांबद्दलच्या महापरिनिब्बान सुत्तात "अत्तदीपा विहरथ" असं अनेकांना उद्देशून म्हटलंय, आणि पालीत दीप म्हणजे दिवा तसंच बेटही. स्वतःच स्वतःचा दिवा व्हा की पुरात स्वतःच स्वतःचं बेट व्हा, दोन्ही अर्थ लागतात. मला बेटाचा जास्त आवडतो. कन्हानचा पूर पाहिलेल्या माणसाला बेट लवकर कळतं.

२६ ऑक्टोबर

आज दिवसभर आजी डोळ्यांपुढे.

तिच्या उजव्या हातावर कोपराच्या खाली तुळशीवृंदावन होतं आणि शेजारी दोन उभ्या आकृत्या, राम-सीता. हनुवटीवर तीन ठिपके. लहानपणी मी त्या आकृत्यांवरून बोट फिरवत झोपायची. काजळी काळीच असते, पण कातडीच्या आत गेली की हिरवट दिसते. त्या हिरव्या रंगालाच मी आजीचा रंग समजायची. तुळशीचं खोड मध्येच तुटलेलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढी जागा गुळगुळीत, चकचकीत, तिथे रेघच नाही.

दहावीच्या उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपलो होतो, तेव्हा तिला त्या जागेचं विचारलं. तिने सांगितलं ते मी तिच्याच बोलीत लिहून ठेवते, नाहीतर पुसट होईल.

ती दहा वर्षांची असताना गावच्या बाजारात गोंदणारी बाई आली होती. चार सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, काजळी दुधात कालवलेली. "माह्या मायनं पायलीभर जवारी देल्ली. मी लय रडली. माय म्हणे, रडू नको पोरी, सोनं-नाणं इथंच रायते, मेल्यावर संगं गोंदणच येते."

मग १९५६ चा ऑक्टोबर. आजी अठराची, नवीन लग्न झालेली. कन्हानकाठच्या गावातून सगळे पायी निघाले, पांढरं नेसून. बाबासाहेबांनी कुशीनाऱ्याच्या भदन्त चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. राम आणि कृष्ण यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, ही त्यातली दुसरी. आजीने ती हात वर करून म्हटली. उजवाच हात. बाही खाली सरकली आणि तिला स्वतःच्या हातावरचे राम-सीता दिसले.

घरी आल्यावर देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. हाताचं काय करायचं?

"तीन दिवस घासला म्या हात. विटेची ठिकरी आन चुना. रगत आलं तरी घासला."

"मंग?"

"मंग काय, पिकला. महिनाभर भाकर थापता नाही आली. खपली पडली, पाहतो त तुळस वापस!"

तुटलं होतं ते तेवढंच, खोड. आता कारण कळतं. वरची कातडी महिन्याभरात झडते आणि नवी येते, पण सुई त्याच्या खालच्या थरात शाई सोडते. तिथल्या पेशी शाईचे कण गिळून बसतात, आणि एक पेशी मेली की दुसरी ते कण उचलते. उंदरांवरच्या प्रयोगात शास्त्रज्ञांना तसं दिसलंय. वीट तिथपर्यंत कुठून पोचणार?

शेजारणी टोचून बोलायच्या, बौद्ध झाली आन हातावर तुळस. पुढे कुणीतरी सुचवलं, त्यावर मोठा मोर गोंदव, झाकून जाईल. तिने नाही म्हटलं. मी विचारलं, का? तेव्हा ती जे बोलली ते मला आजही तसंच्या तसं ऐकू येतं. "माय काही वाईट नव्हती माही. तिले का मालूम, पुढं बाबासाहेब येणार हायेत म्हून."

२०११ साली आजी गेली. कानातलं, गळ्यातलं सगळं काढून आईच्या हाती दिलं. तुळस तेवढी तिच्याबरोबर गेली.

२७ ऑक्टोबर

काल हे लिहून झाल्यावर रात्रभर झोप लागली नाही. वाटलं, सापडलं. आजीची तुळसच गोंदवायची, अगदी तशी, तुटक्या खोडासकट. सकाळी चहा घेताना आईला सांगितलं.

आईने कप खाली ठेवला. "तिनं रगत येईपर्यंत घासली ती. आन तू पैसे देऊन वापस काढून घेते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हल्ली आजीचं गोंदण नातीने हातावर उतरवण्याची पद्धत आली आहे, मलाही त्यात माया दिसते. पण आमच्या घरातलं गोंदण तसं नाही. आजीला ते कुणी विचारून दिलं नव्हतं. आईला राग आला नव्हता, तिचे डोळे भरले होते. दिवाळी झाल्यावर धरमपेठेतल्या त्या मुलाला फोन करून आजची वेळ घेतली होती, ती रद्द केली.

२ नोव्हेंबर

दीक्षाभूमीवर बोधिवृक्षाखाली तासभर बसले. दसऱ्याची गर्दी केव्हाच ओसरलीय, झाडून स्वच्छ केलेलं आवार, दोन-चार म्हातारी माणसं. हे झाड श्रीलंकेतल्या अनुराधापुरच्या बोधिवृक्षाच्या रोपांतून वाढलेलं. अनुराधापुरचा वृक्ष सम्राट अशोकाच्या मुलीने, संघमित्तेने, बुद्धगयेहून नेलेल्या फांदीचा. इतक्या वेळा जागा सोडून झाड तेच राहिलं.

खाली पडलेलं एक पान उचलून आणलं. वहीच्या या पानावर ठेवलंय. टोक बोटभर लांब, शेपटीसारखं. मधली शीर देठापासून टोकापर्यंत सरळ, बाजूच्या शिरा कडेपर्यंत न जाता जरा अलीकडेच वळून एकमेकींना धरतात. मी पेन्सिलीने उतरवायला बसले. मधली शीर काढताना मध्ये पेन्सिल उचलली गेली. ठरवून नाही. पुन्हा टेकवली तेव्हा मध्ये तांदळाएवढी जागा कोरी राहिली होती.

ती मी भरली नाही. आईला दाखवलं. तिने कागद उजेडात धरला, त्या कोऱ्या जागेवर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "उजव्या हातावर काढ. कोपराच्या खाली."

९ नोव्हेंबर

झालं. चाळीस मिनिटं लागली. दुखतं, पण सोसवतं. मनगटाकडे आलं की जास्त. आई बाजूला स्टुलावर बसून होती, संत्र्याची पिशवी मांडीवर घेऊन. रविवार म्हणून येता येता घेतली होती.

शेवटी त्या मुलाने हात पुसला, दिवा जवळ ओढला. "ताई, ही मधली रेघ राहून गेली. जोडून देऊ?"

माझ्याआधी आईच म्हणाली, "नाही बेटा. ते तसंच हाय."

१५ नोव्हेंबर

खपली सुटायला लागलीय. खाज सुटते, पण नख लावायचं नाही, म्हणून काल रात्री आईनेच माझी नखं कापली. पातळसं मलम, उन्हात जाताना बाही खाली. आत्ता पान करडं, धुरकट दिसतंय. रंग बसायला अजून दोन-तीन आठवडे लागतील म्हणतात.