कोकणच्या हवेत तबकडी कोरताना : सुटकेस यंत्राची आतापर्यंतची मजल

मंडळी, घरच्या घरी ग्रामोफोनची तबकडी कोरणारं माझं जुनं सुटकेसएवढं यंत्र बोलू लागलंय. नीट गायला अजून वेळ आहे.

ज्यांना आधीचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यंत्र अमेरिकन बनावटीचं, १९४०च्या दशकातलं. नावाची पट्टी कधीच उखडून गेलीय, त्यामुळे घराणं सांगता येत नाही. त्या काळी विल्कॉक्स-गे कंपनीची ‘रेकॉर्डिओ’ यंत्रं घरोघरच्या हौशी लोकांसाठी निघत, तर ‘प्रेस्टो’ची यंत्रं रेडिओ स्टेशनं आणि स्टुडिओवाले वापरत. हे पहिल्या जातीतलं. झाकण उघडलं की फिरती थाळी, वाजवायचा हात, कोरायचा हात, खाली व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. माइकसमोर बोला, तबकडी कोरा, लगेच वाजवून ऐका.

जुने कंडेन्सर सरसकट बदलले. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. चॅसिसमध्ये, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्यात, अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतात, झटका छातीतून आरपार जाऊ नये म्हणून एक हात खिशात ठेवून काम करा, एवढंच.

खरी गोष्ट कोरायच्या हेडची, म्हणजे आवाजाच्या तालावर सुई हलवणाऱ्या भागाची. या घरगुती यंत्रांत बहुतेक वेळा क्रिस्टल हेड असतं, आणि ते क्रिस्टल म्हणजे रोशेल सॉल्ट, पोटॅशियम सोडियम टार्टरेट. व्होल्टेज दिलं की वाकतं, त्यावर सुई हलते. पण शेवटी ते मीठच. पाण्यात विरघळतं आणि पंचावन्न अंशांच्या वर तापलं तर कामातून जातं. आमच्या वेंगुर्ल्यात पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली क्वचितच येते. हेडचे दोन स्क्रू काढून आत पाहिलं, तर क्रिस्टलच्या जागी पांढरट चिकट लगदा होता आणि त्यात चांदीसारख्या वर्खाच्या दोन पट्ट्या रुतलेल्या. माझं स्पष्ट मत आहे : कोकणात राहून क्रिस्टल हेड वाचवायच्या नादाला लागू नये. नवं मिळालं तरी दोन पावसाळ्यांचं पाहुणं.

म्हणून मॅग्नेटिक, म्हणजे चुंबकाच्या जोरावर सुई हलवणारं, हेड बसवलं. पण ही नुसती अदलाबदल नाही. क्रिस्टल हेडमध्ये सुई किती सरकते ते व्होल्टेजवर ठरतं. मॅग्नेटिकमध्ये व्होल्टेजवर सुईचा वेग ठरतो, म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला स्वर एक सप्तक खाली गेला की सुईचं हेलकावणं दुप्पट. खर्जाला आवर घातला नाही तर सुई शेजारच्या खाचेत घुसते. ५०० हर्ट्‌झच्या खाली उतार देणारं फिल्टर घालावं लागलं. शिवाय क्रिस्टल आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेटवरून कंडेन्सरमार्गे चालत असे, मॅग्नेटिकला आउटपुट ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू लागते. वजनही वाढलं, म्हणून हाताची तोल सांभाळणारी स्प्रिंग कडक केली.

दुसरा छळ पन्नास सायकलचा : आपली वीज सेकंदाला पन्नास सायकलची, अमेरिकेतली साठ. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की काम झालं असं अनेकांना वाटतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, सायकल चढवत नाही. साठ सायकलची मोटर पन्नासवर पाच-षष्ठांश वेगाने फिरते, आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांची थाळी ६५वर येते. उपाय सोपा आहे : मोटरच्या शाफ्टवर १.२ पट व्यासाचं पितळी बुश, म्हणजे नळीसारखं टोपण. शाफ्ट ६ मिलिमीटर असेल तर बुश बाहेरून ७.२. कुडाळच्या टर्नरने ते इतकं सुबक करून दिलं की चढवताना हवा बाहेर पडल्याचा आवाज आला. मात्र पन्नास सायकलला मोटरचा गाभा लवकर संपृक्त होऊन ती तापते, त्यामुळे ११७ऐवजी ९५-९७ व्होल्टच द्या.

वेग तपासायला ७७ रेघांची स्ट्रोब तबकडी : वेग बरोबर असला की लुकलुकत्या दिव्याखाली तिच्या रेघा स्थिर दिसतात. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली रेघा उभ्या राहिल्या की ७७.९२ फेरे. एलईडीखाली बहुधा काहीच दिसणार नाही, तेव्हा पडवीतली जुनी ट्यूबलाइट भंगारात देऊ नका. अमेरिकन यंत्रासोबत आलेली ९२ रेघांची तबकडी साठ सायकलची असते, ती इथे फसवते. आयडलरच्या, म्हणजे मोटरचं फिरणं थाळीला देणाऱ्या चाकाच्या, रबराला मात्र एका जागी सपाटी आली होती. छपाईच्या रोलरवर रबर चढवणाऱ्याकडून कोल्हापुरात नवं करून आणलं.

आता कोऱ्या तबकड्या. अस्सल वस्तू म्हणजे अॅल्युमिनियमवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर. युद्धकाळात अॅल्युमिनियम मिळेना तेव्हा काचेवरही तो दिला जाई. लॅकर मऊ राहावं म्हणून त्यात एरंडेल घालत, आणि जुन्या तबकड्यांवर जी पांढरी तेलकट साय येते ती त्याच एरंडेलाची करणी. फेब्रुवारी २०२०मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला, तेव्हापासून नव्या लॅकरसाठी जगाची भिस्त जपानवर आहे. त्यात कोरताना निघणारी दोऱ्यासारखी कात भलतीच ज्वालाग्राही असते. ज्यांना लॅकर मिळतं त्यांनी ती पाण्याच्या डब्यात टाकावी, केराच्या टोपलीत नव्हे.

मी पॉलिकार्बोनेटवर आहे. पडवीवर पावसाळी छप्पर घालणाऱ्याकडे सपाट भरीव शीटचे तुकडे उरतात, त्यातून दहा इंची चकत्या कापून घेतो. यात सुई कोरत नाही, दाबून चर पाडते. कात निघत नाही, पण चर उथळ. कोरायचा हात सरकवणारा यंत्राचा फीड स्क्रू इंचाला ११२ रेघा पाडतो, म्हणजे दोन खाचांतलं अंतर ०.२२७ मिलिमीटर. लॅकरवर त्यातली साठ टक्के खाच आणि चाळीस टक्के भिंत हे प्रमाण उत्तम मानतात. माझी खाच सूक्ष्मदर्शकाखाली जेमतेम ०.०७ भरते. म्हणून ७८ची जाड सुई त्यात बसतच नाही, एलपीची बारीक सुई लावून वाजवतो.

चाचणीला साइन वेव्ह वगैरे आहेतच, पण आमच्या वाडीतल्या भजनी मंडळासारखी चाचणी नाही. पेटीचा एक लांबवलेला सूर थाळीची डगमग लगेच उघडी पाडतो. आयडलर बदलायच्या आधी पेटी चक्क रडत होती, आता स्थिर आहे. पखवाजाचा धुमाकडचा ठोका फिल्टरची परीक्षा घेतो. बुवांना ऐकवलं तर म्हणाले, “ह्यो माझो आवाज? सर्दी झाल्यावरचो वाटता रे!” बरोबरच आहे, त्या काळच्या घरगुती हेडची धाव पाचेक हजार हर्ट्‌झपर्यंत.

उरलं दुखणं टाळांचं. बाहेरच्या कडेला, १२ सेंटिमीटर त्रिज्येवर, सुईखालून सेकंदाला जवळजवळ ९८ सेंटिमीटर खाच सरकते. आत ५ सेंटिमीटरवर फक्त ४१, आणि खाच जितकी हळू सरकते तितके टाळांसारखे तीक्ष्ण आवाज बिघडतात. (३३च्या वेगाला तर कडेलाच ४२, म्हणून घरगुती कोरणीला ७८च बरा.) आणि भजनाचा क्रम नेमका उलटा : अभंग संथ सुरू होतो, गजर शेवटी येतो. म्हणजे टाळांचा कल्लोळ बरोबर सगळ्यात वाईट जागी पडतो आणि तळणीसारखा चरचरतो.

जुन्या रेडिओ तबकड्या काही वेळा आतून बाहेर कोरत. तेच करायचं ठरवलंय. अभंग आत, गजर कडेला. त्यासाठी डाव्या आट्यांचा फीड स्क्रू लागेल. माप काढून टर्नरकडे दिलंय, पितळ नको, स्टीलमध्येच कर म्हणून सांगितलंय. कोणाकडे अशा यंत्राचा मूळ डावा स्क्रू पडून असेल तर विकू नका, फक्त आट्यांचा कोन मोजून कळवा. अर्धनटाची, म्हणजे स्क्रूच्या आट्यांत अडकून हात ओढणाऱ्या अर्ध्या नटाची, पकड त्यावरच ठरवायची आहे.