मालकाच्या कामाचे तास कोण ठरवणार?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ साली संमत केलेल्या पहिल्याच कराराने औद्योगिक कामासाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. मात्र ज्या व्यवसायात एकाच कुटुंबातील माणसे राबतात तो व्यवसाय, तसेच देखरेखीच्या किंवा व्यवस्थापनाच्या जागेवरील व्यक्ती यांना त्याच कराराने त्या मर्यादेतून वगळले. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर फोन आणि ईमेलपासून दूर राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून अमलात आला, तर ऑस्ट्रेलियाने असा हक्क २६ ऑगस्ट २०२५ पासून लहान व्यवसायांतील नोकरदारांनाही दिला. हे सगळे कायदे मला मनापासून आवश्यक वाटतात. परंतु या प्रत्येक कायद्यात मालक हा दुसऱ्याची वेळ मागणारा माणूस आहे. ज्याची स्वतःची वेळ रोज सगळे मागत असतात, असा छोटा मालक त्यांत कुठेच नाही. त्यामुळे त्याच्या कामाचे तास त्यालाच ठरवावे लागतात आणि पाळावेही त्यालाच लागतात.

मी पुस्तिका, पत्रके आणि अहवाल यांची मांडणी करून देण्याचा लहानसा व्यवसाय चालवते. रात्री साडेदहाला येणारा ‘मॅडम, एक छोटासाच बदल होता’ हा निरोप या व्यवसायातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. बदल म्हणजे परिच्छेदात एक ओळ वाढवायची असते. ती वाढली की शेवटची ओळ पुढच्या पानावर ढकलली जाते, त्या पानावरचे चित्र खाली सरकते, मथळा एका पानावर आणि त्याचा मजकूर दुसऱ्या पानावर जातो, अनुक्रमणिकेतील आकडे चुकतात, आणि हे सारे सावरून नवी पीडीएफ पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागते. ग्राहकाचा यात काही दोष नसतो, कारण त्याला दिसते ती एकच ओळ. पण ते काम रात्री पूर्ण करून लगेच पाठवले, तर रात्री साडेदहा ही आपली कामाची वेळ आहे असा त्याचा समज होतो आणि पुढचा निरोप तो निर्धास्तपणे त्याच वेळी पाठवतो. म्हणून कधी हौसेने रात्री काम केले, तरी उत्तर सकाळीच जाईल अशी वेळ मी ईमेलला लावून ठेवते.

मर्यादा सांगण्याची खरी जागा दरपत्रक ही आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. कामाचे तास, ठरलेल्या रकमेत दुरुस्तीच्या किती फेऱ्या बसतात, त्यानंतरच्या फेरीचे किती पैसे पडतील, काम सुरू होण्यापूर्वी किती आगाऊ रक्कम हवी, हे सगळे मी तिथेच लिहून देते. हीच गोष्ट सुरुवातीला सांगितली तर ती व्यवहाराची अट ठरते आणि ऐन कामात सांगितली तर अडवणूक वाटते. आणखी एक पथ्य मी पाळते, ते म्हणजे नकाराला कारण जोडायचे नाही. ‘आज जमणार नाही, उद्या अकरापर्यंत देते’ एवढे पुरेसे असते. मुलाची परीक्षा आहे किंवा घरी पाहुणे आहेत असे सांगितले, की समोरचा माणूस नकळत आपले कारण तोलू लागतो आणि मग ते पुरेसे मोठे आहे की नाही, यावरच बोलणे सुरू होते.

अनोळखी ग्राहकापेक्षा जवळच्या माणसांच्या बाबतीत हे कितीतरी कठीण जाते. ‘घरचंच काम आहे, सवडीने कर’ असे म्हणून दिलेल्या कामाला सवड कधीच नसते, आणि त्याचे पैसे मागायला जीभ रेटत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते व्यवसायात पडल्यावरच नीट कळते. माझा नियम असा की आप्तांचे काम एकतर पूर्ण दराने करायचे किंवा भेट म्हणून पूर्ण मोफत. अर्ध्या दराच्या कामात आपण उपकार केले असे दोघांनाही वाटते आणि त्यातून नाती आंबतात.

खरी तातडी येतेच, आणि ती ओळखण्याइतकी माणुसकी शाबूत राहायलाच हवी. एखाद्याच्या श्रद्धांजली सभेचे पत्रक सकाळी हवे असेल, तर मी घड्याळ पाहत नाही. फक्त हा अपवाद आहे, हे त्याच वेळी स्पष्ट शब्दांत सांगते, कारण न सांगितलेला अपवाद पुढच्या वेळी रिवाज होऊन बसतो.

ज्याची बहुतेक मिळकत एकाच मोठ्या ग्राहकाकडून येते, त्याला हे सगळे वाचून राग येईल, आणि तो रास्तच आहे. तो ग्राहक गेला तर भाडे कशातून भरायचे, या धास्तीपुढे कामाच्या तासांचा नियम टिकत नाही. अशा माणसाने आधी आणखी ग्राहक जोडावेत, भले ते लहान असोत, आणि घरखर्चाचे खाते व्यवसायाच्या खात्यापासून वेगळे करून दरमहा ठरावीक रक्कमच उचलावी. नकार देण्याचे बळ बहुतेक वेळा तिथूनच येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या अवस्थेचे वर्णन करताना थकव्याबरोबर कामाविषयी मनात येणारा दुरावा आणि कडवटपणाही नोंदवला. मला भीती वाटते ती याच दुसऱ्या लक्षणाची. फोनवर ग्राहकाचे नाव उमटताच कपाळाला आठी पडू लागली, तर त्याचे काम मन लावून होणार नाही, आणि ज्या ग्राहकाला दुखवू नये म्हणून रात्री जागलो, त्याच्याशीच आपण तुटकपणे बोलू लागतो.

जे ग्राहकांकडून मागायचे, ते मदतनीसांनाही द्यायला हवे. ‘सकाळी पाहिलेस तरी चालेल’ असे लिहून रात्री पाठवलेला मालकाचा निरोप कोणीही सकाळपर्यंत न वाचता ठेवत नाही. म्हणून रात्री सुचलेले काम मी वहीत टिपून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी ते कामावर आल्यानंतरच त्यांना सांगते.