पंधरा भागिले सव्वीस

आज वास्कोत काकांची शोकसभा झाली. मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदरात लोहखनिज नेणाऱ्या बार्जवरचे, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटींवरचे, कामगार मागे उभे राहून ऐकत होते.

२०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, बार्जी नांगरून पडल्या, तेव्हा काका घरी एकेकाच्या ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना मालकानं द्यायच्या रकमेचा, हिशोब मांडायचे. शेवटचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. २६ का? महिन्यातले रविवार सोडून कामाचे दिवस तेवढे. हे समोरच्याला कळेपर्यंत सांगायचे. नुसता आकडा हातात देणं त्यांना पटायचंच नाही.

१९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याची त्यांची प्रत उसवलेली, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली. काकींनी आज ती माझ्या हातात दिली. आत कुणाचा तरी अर्धवट हिशोब आहे, नाव पुसट झालंय. त्या माणसाला शोधतोय.