थ्री नॉट थ्री, एक करवत आणि आमचे अण्णा

मागच्या सप्टेंबरात ऑफिसमधल्या एकाच्या सासऱ्यांनी शेत विकायला काढलं, रेड डिअर गावाच्या पुढे. गराजमधलं सामान ज्याला हवं त्याने न्या असं चाललं होतं म्हणून मी टेबल सॉ बघायला गेलो आणि रायफल घेऊन आलो. म्हणजे लगेच नाही, लायसन्स माझ्याकडे होतं पण इथे कॅनडात साधी हंटिंग रायफल हातातून हातात जायची तरी आधी रेफरन्स नंबर घ्यावा लागतो, ते सगळं केलं. १८० डॉलर. बायको म्हणाली टेबल सॉ कुठाय.

म्हातारबांनी सांगितलेली गोष्ट अशी की त्यांच्या वडिलांनी ही पहिल्या महायुद्धातून घरी आणली, मग हरणाच्या शिकारीला वापरली. दिसायला अगदी शिकारी बंदूक, पुढचं लाकूड अर्ध्यावर संपलेलं आणि त्याच्या पुढे उघडी नळी, वर चकचकीत व्हार्निश. पण बोल्ट (गोळी आत सारायचा दांडा) मागे ओढला आणि तो आवाज ऐकला तेव्हा मला कळलं ही कोण आहे ते. आमचे अण्णा सातारा जिल्ह्यात पोलिसात होते, हवालदार म्हणून रिटायर झाले, आणि लहानपणी हेडक्वार्टरच्या परेडला मी तो खटाक-खट आवाज शेकडो वेळा ऐकलाय. ही आपली थ्री नॉट थ्री. वेश बदललेली.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड रायफली, म्हणजे ह्याच थ्री नॉट थ्री, ढिगाने आणि स्वस्तात विकायला आल्या, कॅनडा ऑस्ट्रेलिया अमेरिकेत शेतकऱ्यांनी घेतल्या आणि घरीच करवत चालवली. नाकावरचा संगीन लावायचा लोखंडी तुकडा काढ, वरचं लाकूड फेक, पुढचं काप, की झाली शिकारी बंदूक. ह्याला स्पोर्टराइझ करणं म्हणतात. आणि अशी अडाणी कापाकापी करणाऱ्याला इथले कलेक्टर लोक 'बबा' म्हणतात, हे मी घरी सांगितल्यावर आमच्या पोराने मला आठवडाभर बबा म्हणून हाक मारली.

घरी आणल्यावर पहिलं काम ओळख पटवणं. दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकतो त्या लाकडाच्या, पुढे जो लोखंडी मनगटासारखा भाग असतो त्याच्या उजव्या अंगाला सगळी कुंडली कोरलेली असते. व्हार्निशचे ओघळ तिथेही होते, ते काढल्यावर दिसलं: मुकुट, खाली जी. आर. म्हणजे पाचवा जॉर्ज, मग बी. एस. ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १९१७, आणि मार्क थ्री स्टार. हा स्टार महत्त्वाचा. १९०७ चं मूळ मार्क थ्री मॉडेल फार कलाकुसरीचं होतं, युद्धात रायफली पुरेनात म्हणून जे जे गाळता येईल ते गाळलं. मॅगझिन बंद करून एकेक गोळी भरायची पट्टी गेली, लांबवर मारा करायची बाजूची व्हॉली साइट गेली, त्याचा तो स्टार. माझ्या रायफलीत पट्टीची खाचच नाही, म्हणजे शिक्का आणि लोखंड एकच सांगतायत. बॉडी, बॅरल आणि बोल्टच्या दांड्यावरचा नंबरही एकच निघाला, हे मात्र नशीब. शंभरी उलटली तरी कायद्याने ती अँटिक नाही बरं का, इथे अँटिक म्हणायला १८९८ च्या आधीची लागते.

पण खरी गंमत बॅरलवर होती. बारीक अक्षरात इंग्लंड असा शिक्का, आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या संस्थेचे छाप: .३०३ हे काडतूस, २.२२२ इंच ही त्याच्या नळकांड्याची लांबी, १८.५ टन हा दाब. हे छाप सैन्यातले नव्हेत, सरप्लस माल बाजारात विकायच्या आधी टेस्ट करून मारतात ते, आणि दाब टनात लिहायची ही पद्धत १९५० च्या दशकातली. म्हणजे वडिलांनी युद्धातून आणली ही गोष्ट काही खरी नाही, ती चाळीसेक वर्षांनी दुकानातून आलेली. म्हातारबांना मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही बहुतेक.

जुन्या रूपात आणता येईल की नाही हे एकाच गोष्टीवर ठरतं, बॅरल कापलंय का. बोल्ट बंद करून (रिकामी आहे हे तीनदा बघून) क्लीनिंग रॉड आत सोडला, तोंडाशी टेप लावून खूण केली आणि मोजलं. २५.२ इंच. पूर्ण! पुढच्या साइटचा ठोकळाही मूळचा. बबाने फक्त लाकूड कापलं होतं, लोखंडाला हात लावला नव्हता. मी बायकोला हाका मारत सुटलो, तिला वाटलं मला काहीतरी झालं.

आणि मग मी स्वतःच बबागिरी केली. दस्ता काढायचा म्हणून मागची पितळी झडप उघडली, आतला चामड्याचा बोळा काढला, लांब स्क्रू ड्रायव्हर घातला आणि दस्ता आवळून धरणारा आतला लांब बोल्ट फिरवला. कट्ट. त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत अडकलेलं असतं, म्हणून आधी पुढचं लाकूड काढायचं आणि मगच दस्ता, हा ह्या रायफलीचा पहिला धडा. मी दुसऱ्या धड्यापासून सुरुवात केली. लाकूड मागून चिरलं. ते तसंही कापलेलं होतं, बदलायचंच होतं, तरी रात्रभर वाईट वाटलं.

अण्णांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाले, "आरं आम्हाला आर्मोरर दस्त्याला हात लावू देत न्हवता ते उगाच व्हय?" आर्मोरर म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, बाकीच्यांना फक्त पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी), चिंधी आणि तेल एवढीच परवानगी. मग पुढचा प्रश्न, बट नंबर, म्हणजे दस्त्यावरचा नंबर, काय. पोलिसात रायफल ओळखतात ती बट नंबरावर, अण्णांना स्वतःचा अजून पाठ आहे, माझा वाढदिवस मात्र आईला विचारतात.

सुटे भाग जमवायला चार महिने गेले. पूर्ण लांबीचं अक्रोडाचं पुढचं लाकूड एका गन शोमध्ये मिळालं, नाकाचा तुकडा दुसऱ्याकडून, वरची दोन्ही लाकडं तिसऱ्याकडून. सगळ्यात छळलं ते एका छोट्या स्प्रिंग आणि खुंटीने, बॅरलच्या खाली बसून ती त्याला वर रेटते, चिंचोक्याएवढी वस्तू पण स्पोर्टर करणाऱ्या प्रत्येकाने ती पहिली हरवलेली असते.

लाकूड नुसतं बसवून स्क्रू आवळला की झालं असं नाही. गोळी सुटली की धक्का लाकडातल्या दोन खांद्यांवर येतो, ते दोन्ही लोखंडाला सारखे टेकले नाहीत तर लाकूड फाटतं. कुठे टेकतंय हे बघायला काहीतरी रंग लावायचा असतो, मी हिच्या डबीतलं काजळ लोखंडाला फासलं, लाकूड बसवायचं, काढायचं, जिथे काळं उमटेल तिथे केसभर तासायचं, परत बसवायचं. तीन शनिवार आणि एक काजळाची डबी.

दस्ता मूळचाच ठेवला. व्हार्निश स्ट्रिपरने काढलं, सँडपेपर अजिबात नाही कारण त्याने शिक्के जातात. खळगे होते तिथे ओलं फडकं आणि इस्त्री, वाफेने लाकूड फुगून वर येतं. मग कच्चं जवसाचं तेल, बॅटला लावतो तेच, रोज पातळ हात, तीन आठवडे. दस्त्यात पितळी चकतीचा रिकामा खळगा आहे, त्या चकतीवर पलटणीचं नाव कोरायचे, १९१७ च्या घाईत चकत्याही गाळल्या होत्या, म्हणजे हा दस्ता बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी रायफलीचा. असू दे. लोखंडाला नवीन काळा रंग दिला नाही, बारीक स्टील वुल आणि तेल बास. दस्त्याच्या मागच्या पितळी पाटावरून मात्र भांडण झालं, इथले जाणकार म्हणतात त्याचा जुना रंग जपा, आणि अण्णांना तो काळपट पाट स्क्रीनवर दिसला तर म्हणाले, "ही पाटी घेऊन परेडला उभा राहिलो असतो तर साहेबानं कातडं सोललं असतं, ब्रासो न्हाई का तिकडं?" काळपटच ठेवलाय.

मारण्याजोगी आहे का ते गनस्मिथने गेजने बघून दिलं. ह्या काडतुसाची बूड-कड किती जागेत बसते ते मोजतात, ०.०६४ ते ०.०७४ इंच चालतं, आमची मध्ये कुठेतरी आहे.

पूर्ण झाल्यावर अण्णांना कॉल लावला. नाकापर्यंत लाकूड, अगदी त्यांच्या जुन्या फोटोतल्यासारखी. मला वाटलं डोळ्यात पाणी वगैरे येईल. ते बघत राहिले आणि म्हणाले, "वजन किती भरतंय?"

भारतात जाताना बॅगा मोजतो त्या काट्याला टांगली. आणली तेव्हा साडेतीनच्या आत होती, आता चार किलोला जरा कमी.

"गणपतीच्या बंदोबस्ताला बारा-बारा तास हे लोढणं घेऊन उभं राहिलोय," अण्णा म्हणाले. "तो लाकूड कापणारा गडी शहाणा होता. तू परत चार किलोची केलीस."